आमच्या एट हंड्रेडचं डावं पुढचं चाक

बेळगावहून मावशीकडून परत येत होतो, अनमोड घाट उतरलो आणि गोव्यातल्या मोलेमला पोचायच्या जरा आधी आई मागून म्हणाली, काय जळतंय का रे? मला वाटलं पुढे ट्रक आहे त्याचा वास असेल, घाटात ट्रकांचे ब्रेक तापतातच. पण ट्रक पुढे निघून गेला तरी वास काही जाईना, आणि स्टेअरिंग हलकंसं डावीकडे ओढत होतं ते तर मला घाटात अर्ध्यावरच जाणवलं होतं, फक्त मी ते रस्त्याच्या उतारावर ढकललं होतं. गाडी बाजूला घेतली. उजव्या पुढच्या चाकाजवळ हात नेला, गरम होतं पण हात धरवत होता. डाव्या चाकाजवळ हात नेला तो तसाच मागे आला. आईने पाण्याची बाटली पुढे केली, तिला म्हटलं नको, लाल तापलेल्या डिस्कवर, म्हणजे चाकाच्या आतल्या ब्रेकच्या थाळीवर, गार पाणी ओतलं तर डिस्क वाकडी होते, चीरसुद्धा जाऊ शकते. चाळीसेक मिनिटं तिथेच थांबलो, चाक आपोआप गार होऊ दिलं. आणि मग गाडी फोंड्यापर्यंत अशी आली की जणू काही झालंच नव्हतं.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण सगळं रहस्य त्यातच होतं आणि मला ते कळायला आणखी तीन आठवडे लागले.

गाडी २००३ ची मारुती एट हंड्रेड. बाबांनी नवी घेतलेली, घरातली पहिली चारचाकी. १५ वर्षं झाली तेव्हा २०१८ ला रजिस्ट्रेशन पाच वर्षांसाठी वाढवून घेतलं, २०२३ ला परत. कंपनीने हे मॉडेल बनवणं २०१४ च्या जानेवारीत बंद केलं, त्यामुळे लोक विचारतात अजून किती दिवस चालवणार. बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ते चालवत नाहीत, पण बाजूला बसतात आणि कान इंजिनाकडे असतो, आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात त्यांची वही आहे ज्यात २००३ पासूनचं प्रत्येक पेट्रोल लिहिलंय, तारीख, लिटर, किलोमीटर. ती वही असेपर्यंत गाडी विकायचा विषय आमच्या घरात निघणार नाही आणि मलाही तो काढायचा नाही.

तर आवाज सुरू झाला जुलैमध्ये. पावसात जुन्या गाडीच्या ब्रेकचा आवाज येणं यात नवल नाही, आपल्याकडे तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, रात्रभर गाडी अंगणात उभी राहिली की डिस्कवर तांबूस गंज चढतो आणि सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खर्र आवाज येऊन तो निघून जातो. त्या आवाजाने घाबरायचं कारण नाही. मी पण घाबरलो नव्हतो. पण हा आवाज फर्मागुडीला चढून म्हार्दोळपर्यंत गेलो तरी जाईना, आणि नंतर नंतर तर ब्रेक न दाबताही यायला लागला, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर किर्र... किर्र... किर्र... वेग वाढवला की जवळजवळ, कमी केला की लांब लांब.

आवाज नेमका कधी येतो हे आधी बघायचं, मग पाना हातात घ्यायचा. हे आता कळलंय. ब्रेक दाबल्यावरच लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येतो, पायाला पण खरखर लागते, तर डिस्कला दाबून धरणाऱ्या पॅडचं मटेरियल संपून त्याची मागची पट्टी डिस्कला लागतेय, ती गाडी तशीच चालवायची नाही, डिस्क पण जाते. ब्रेक न दाबता फेऱ्याफेऱ्याला आवाज येतो आणि ब्रेक दाबला की बदलतो किंवा थांबतो, तर काहीतरी घासतंय किंवा ब्रेक पूर्ण सुटत नाहीय. इथे खडीची गोष्ट सांगायलाच पाहिजे. पावसानंतर आपले रस्ते उखडतात, खडी सुटते, आणि एखादा बारीक दगड डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्याच्या मध्ये जाऊन बसतो. त्याचा आवाज इतका भयंकर येतो की वाटतं चाकच निखळतंय, आणि उपाय काय तर गाडी थोडी रिव्हर्स घेऊन बघायची, कधी कधी दगड आपोआप पडतो, नाहीतर चाक काढून पत्रा जरासा बाहेर वाकवायचा. माझ्या ऑफिसातल्या एकीच्या गाडीचं हेच झालेलं आणि ती पणजीपासून रडकुंडीला येऊन आली होती. पूर्ण स्टेअरिंग मारून वळताना टक टक टक येतं ते ब्रेकचं नसतंच, ते एक्सलच्या टोकाच्या सीव्ही जॉइंटचं, बहुतेक वेळा त्याचा रबरी बूट फाटून आत लाल माती गेलेली असते. आणि वेगाबरोबर वाढत जाणारा घुंऽऽ असा आवाज म्हणजे बेअरिंग, त्याकडे नंतर येतो कारण माझ्या गाडीला तो पण निघाला.

मी जुलैमध्ये गाडी गॅरेजला दिली. डाव्या पुढच्या चाकाचे दोन्ही पॅड पट्टीपर्यंत झिजलेले, उजव्या बाजूचे अर्ध्याहून जास्त शिल्लक. त्यांनी दोन्हीकडे नवीन पॅड घातले, डावी डिस्क लेथवर घासून सरळ करून आणली, आवाज गेला, मी खूश. जुने पॅड मी पेपरात गुंडाळून डिकीत टाकले, बाबांची सवय आहे, काढलेला पार्ट घरी आणायचा. तीन आठवड्यांत परत किर्र सुरू. परत नेली. गाडी रात्रभर गॅरेजात उभी राहिली, सकाळी मेकॅनिकने चाक उचलून फिरवलं, छान फिरलं, म्हणाला पॅड नवीन आहेत, बसतील, चालवा. मग ऑक्टोबरमध्ये मोलेमचा प्रकार झाला, मग तिसऱ्यांदा नेली तेव्हा म्हणाले अख्खा कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा भाग, बदलू. मला त्या मुलांचा राग नाही, खरंच नाही, त्यांना गाडी प्रत्येक वेळी थंड मिळाली आणि थंड गाडीत दुखणं दिसतच नव्हतं. पण अंदाजाने पार्ट बदलत जाणं मला पटेना, म्हणून गाडी घेऊन घरी आलो.

आमच्या वाड्यावर एक काका आहेत, आयुष्यभर मायनिंगच्या ट्रकांच्या वर्कशॉपमध्ये होते, २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा घरी बसले ते बसलेच. त्यांना रविवारी सकाळी बोलावलं. मी जॅक काढायला लागलो तर म्हणाले, थंड गाडीत काय बघणार रे बाबू, आधी तापवून आण. मग आम्ही दोघं फर्मागुडीपर्यंत चढून परत उतरायचं असं चार वेळा केलं, उतरताना मुद्दाम ब्रेक वापरत. चौथ्या फेरीला स्टेअरिंग ओढायला लागलं. सपाट रस्त्यावर न्यूट्रलला टाकून बघितलं तर गाडी आपली सुटत पुढे जायच्या ऐवजी कोणी मागून धरल्यासारखी थांबत होती. काका म्हणाले, हां, आता घरी चल, लगेच.

मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून धोंडे लावले, गियर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, पुढून जॅक, आणि जॅकच्या भरवशावर न राहता खाली लाकडाचा ठोकळा. उजवं चाक हाताने फिरवलं, फिरलं. डावं फिरेनाच, दोन्ही हातांनी जोर लावून जेमतेम पाव फेरा.

इथे जरा थांबून डिस्क ब्रेक सुटतो कसा ते सांगतो, कारण मला स्वतःला हे माहीत नव्हतं आणि माहीत असतं तर जुलैमध्येच काम झालं असतं. मागच्या ड्रम ब्रेकमध्ये लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या, परत ओढायला चांगल्या जाड स्प्रिंगा असतात. पुढच्या डिस्क ब्रेकमध्ये तशी स्प्रिंग नाही. कॅलिपरमधल्या पिस्टनभोवती एक चौकोनी काठाचं रबरी सील असतं, ब्रेक दाबला की ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन पुढे सरकतो आणि सील त्याच्याबरोबर थोडं पिळलं जातं, पाय काढला की ते सील परत सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे ओढतं. बस, तेवढंच. त्या केसभर अंतरावर पॅड मोकळा राहतो. म्हणजे दाबताना पायाचा सगळा जोर असतो, तो जोर वाढवणारा बूस्टर मदतीला असतो, आणि सोडताना फक्त एका रबराचा पीळ. मग परतीच्या वाटेत जरा जरी अडथळा आला, पिस्टनला गंज, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना सुकलेल्या, नाहीतर ऑइल मागे जायची वाट बंद, की ब्रेक धरूनच राहणार.

आता यातलं नेमकं काय हे कसं ओळखायचं? काका नेहमी आईशी, माझ्याशी मराठी बोलतात पण कामाला लागले की कोंकणीत शिरतात. म्हणाले, पयलीं निपल ढिलें कर, मागीर बोल. म्हणजे आधी निपल सैल कर, मग बोल.

निपल म्हणजे ब्रेक ऑइलमधली हवा काढायचा कॅलिपरवरचा पोकळ स्क्रू. त्याला आदल्या रात्री गंजाचा स्प्रे मारून ठेवला होता म्हणून बरं, नाहीतर जुन्या गाडीत तो तुटतो आणि एकाचं दुसरं काम निघतं. निपलला पारदर्शक नळी लावली, नळीचं दुसरं टोक बाटलीत, आणि रिंग पान्याने अर्धा फेरा सोडला. ऑइल चिरकन नळीत आलं आणि मी चाकाला हात लावला तर चाक मोकळं! मगाशी दोन हातांनी न हलणारं चाक एका बोटाने फिरत होतं. याचा अर्थ सरळ आहे, पाय पेडलवर नसताना आत दाब अडकून होता. निपल सोडूनही चाक मोकळं झालं नसतं तर पिस्टन किंवा पिना जाम, म्हणजे कॅलिपरचंच काम. काका म्हणाले कॅलिपर ठीक आहे, त्याचे पैसे वाचले तुझे.

पण दाब अडवतं कोण, वर पेडलच्या जोराने ऑइल ढकलणारा मास्टर सिलेंडर की तिथून चाकाकडे येणारा मधला रबरी होस पाइप? निपल परत आवळला, बाबांना सीटवर बसवलं, त्यांनी पाच-सहा वेळा ब्रेक दाबून सोडला, चाक परत जाम. आता काकांनी लोखंडी पाइप जिथे रबरी होसला जोडतो तो वरचा जॉइंट जरासा ढिला केला. दाब मास्टर सिलेंडरकडून येत असता तर तिथून सुटला असता आणि चाक मोकळं झालं असतं. नाही झालं. जामच राहिलं. म्हणजे दाब होसच्या खालच्या बाजूला कोंडला होता, वर जायला वाट नव्हती.

होस काढला. बाहेरून बघाल तर अगदी साधा, थोड्या बारीक भेगा, वीस वर्षांच्या रबराला असतात तशा. ब्लेडने उभा चिरला तर आतलं रबर फुगून भोक इतकं बारीक झालेलं की आईची शिवणाची सुई जेमतेम जात होती, आणि एका जागी आतला थर सुटून जिभेसारखा लोंबत होता. पायाच्या जोराने ऑइल ती जीभ बाजूला सारून चाकाकडे जायचं, परत यायला फक्त सीलचा तो पीळ, ती जीभ वाट बंद करायची. आणि चाक घासून तापलं की आतलं ऑइल तापून फुगायचं, दाब आणखी वाढायचा, ब्रेक आणखी धरायचा. गार झालं की ऑइल आकसायचं आणि सुटायचं. म्हणून मोलेमला चाळीस मिनिटांनी सगळं ठीक, म्हणून गॅरेजात सकाळी चाक छान फिरायचं.

मग मी डिकीतून ते पेपरातले जुने पॅड काढून आणले. काकांनी दोन्ही हातात धरून बघितले आणि मान हलवली. आतला आणि बाहेरचा, दोन्ही सारखे झिजलेले. पिना जाम असत्या तर पिस्टनच्या बाजूचा जास्त झिजला असता आणि दुसरा राहिला असता. डावे दोन्ही संपलेले, उजवे दोन्ही चांगले, म्हणजे डाव्या चाकाला दाब जास्त वेळ राहतोय हे त्या पॅडांवर जुलैमध्येच लिहिलेलं होतं. तुमच्या गाडीचे पॅड बदलले की जुने बघितल्याशिवाय टाकायला देऊ नका, कळकळीने सांगतोय.

नवा होस म्हापशाला मिळाला, आणि मी उजवीकडचा पण घेतला, दोन्ही एकाच वयाचे, एक गेला तर दुसऱ्यावर विसंबून कशाला राहायचं. कॅलिपरच्या किमतीपुढे होस म्हणजे किरकोळ खर्च. बसवताना तांब्याचे वायसर नवीनच घालायचे, जुने परत वापरले की झिरपतं. कॅलिपर काढून लोंबत ठेवायचा नाही, तारेने स्प्रिंगला बांधायचा. आणि होस बसवल्यावर स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण मारून बघायचं, होस पिळला जातोय का, टायरला घासतोय का.

पिना पण उघडल्या तर कोणीतरी कधीतरी त्यांना साधं काळं ग्रीस लावलेलं निघालं, आणि त्याने पिनांचे बूट फुगून मऊ झालेले. ब्रेकमधल्या रबराला पेट्रोलियमचं ग्रीस, इंजिन ऑइल, डिझेल काहीही लागता कामा नये, रबर फुगतं. ब्रेकसाठीचं वेगळं ग्रीस मिळतं तेच लावायचं. बूट बदलले, पिना साफ करून ते ग्रीस लावलं, आता बोटाने सरकतात.

ऑइल तर काळ्या चहासारखं झालेलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्या दमट हवेत ते काय होत असेल तुम्हीच बघा. डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल नवीन असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शिरलेल्या ऑइलची हद्द १४० वर येते. घाटात एखादा ब्रेक धरून राहिलेला, चाक तापलेलं आणि वर असलं जुनं ऑइल, ते उकळलं की त्यात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला. त्या दिवशी आई मागे बसली होती, हे मी नंतर रात्री झोपताना आठवलं आणि झोप लागली नाही. स्टेअरिंग ओढतंय आणि वास येतोय तर पुढच्या वळणावर बघू असं म्हणू नका, थांबा.

चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली. बाबा सीटवर, मी निपलपाशी, काका बाटली बघत. दाब म्हटलं की बाबा दाबणार, धर म्हटलं की धरून ठेवणार, मी निपल आवळल्यावर सोड. वर टाकीत ऑइल कमी होऊ द्यायचं नाही, नाहीतर परत हवा शिरते. बाबांनी किती महिन्यांनी त्या सीटवर बसून पेडलला पाय लावला असेल, आणि शेवटी स्वतःच म्हणाले, हां, आता वरच धरतोय. एक थेंब बॉनेटच्या कडेला पडला तो लगेच पाण्याने धुतला, हे ऑइल रंग खातं.

मागचे ड्रम पण उघडून बघितले. तिथे दोन गोष्टी. हँडब्रेकची केबल गंजून घट्ट झाली होती, ती नवी घातली. आमच्याकडून एक चूक होत होती, पावसाळ्यात गाडी चार-चार दिवस हँडब्रेक ओढून उभी. ओले लायनर ड्रमला गंजाने चिकटतात आणि सुटताना ठाप्प आवाज येतो, कधी सुटतच नाहीत. आता जास्त दिवस उभी राहणार असेल तर पहिल्या गियरमध्ये टाकून चाकाला धोंडा लावतो.

दुसरी गोष्ट तो घुंऽऽ आवाज. ब्रेक सुटा झाल्यावर, किर्र बंद झाल्यावर, ओल्ड गोवा ते पणजी रस्त्यावर साठच्या वेगाला तो ऐकू यायला लागला, आधी दुसऱ्या आवाजाखाली दबला होता. रिकाम्या रस्त्यावर स्टेअरिंग हळूच डावीकडे नेलं की वाढतो, उजवीकडे नेलं की कमी होतो. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर येतो म्हणजे उजव्या बाजूचं बेअरिंग. जॅकवर घेऊन चाक फिरवताना स्प्रिंगवर हात ठेवला तर उजवीकडे मागे हाताला खरखर लागली. ते काम पुढच्या रविवारी, काकांनी बेअरिंग काढायचा पुलर शेजारच्या गावातून मागवून ठेवलाय.

होस घातल्या दिवशी संध्याकाळी बाबांना घेऊन बाणस्तारीच्या पुलापर्यंत गेलो आणि परत आलो. घरी येऊन चारही चाकांजवळ हात नेला. पुढची दोन्ही सारखीच कोमट.

मग बाबांनी वही काढली, चष्मा लावून मागची पानं उलटत बसले आणि मला हाक मारली. जूनपर्यंत लिटरला सतरा-साडेसतरा, जुलैच्या पहिल्या आठवड्यात सोळा, ऑगस्टमध्ये पंधरा, सप्टेंबरच्या शेवटी तेरा. माझ्या कानाला किर्र ऐकू यायच्या आधीपासून तो ब्रेक धरत होता आणि वहीत ते उतरत होतं. मी गेले चार महिने पेट्रोल भरून आकडे त्यांना नुसते सांगत होतो आणि ते लिहून ठेवत होते, भागाकार कोणीच केला नव्हता. काल फोंड्याला टाकी फुल केली. साडेसोळा. बाबांनी आकड्याखाली बारीक अक्षरात लिहिलंय, डावा होस नवा.